इंद्रायणीचे मासे आणि परकीय जीवाणुरोग : एका निरीक्षणाचा पूर्वेतिहास

पुणे-लोणावळा लोहमार्गावरील देहूरोड हे ठाणे दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. त्याच्या दक्षिणेस पवना व उत्तरेस इंद्रायणी. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, मावळात उगम पावतात. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते. इंद्रायणी देहू आणि आळंदी या क्षेत्रांना वळसा घालून तुळापूर येथे भीमेस मिळते. मुळा व मुठा यांचा संयुक्त प्रवाहही पुढे भीमेतच जातो. म्हणजे देहूरोड, पिंपरी-चिंचवड व चाकण या उद्योगपट्ट्यात पाण्यात जे मिसळते, ते या ना त्या वाटेने अखेर उजनीच्या जलाशयात व तेथील मच्छीमारांच्या जाळ्यात पोहोचते.

या पाण्यातील रसायनांविषयी पुष्कळ लिहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु रसायन आणि रोगजंतू यांच्यात एक मूलभूत भेद आहे. रसायन प्रवाहाबरोबर खाली जाते तसतसे विरळ होते. जीवाणूस अनुकूल यजमान मिळाला तर तो खाली जाता जाता वाढतो, आणि माशाच्या अंगी राहून प्रवाहाच्या उलट दिशेनेही जाऊ शकतो. एखाद्या नदीत पूर्वी नसलेला जीवाणुरोग बाहेरून आला, तर तो आला हे कोणी, केव्हा व कशावरून ओळखावयाचे, हा प्रश्न म्हणून केवळ प्रयोगशाळेचा नाही. त्यास एक ऐतिहासिक बाजू आहे, व प्रस्तुत लेख त्या बाजूपुरता मर्यादित आहे. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे : परका रोग ओळखण्याची शक्ती ही घरच्या रोगांची, किंबहुना घरच्या निरोगीपणाची, नोंद आधी झालेली असण्यावर अवलंबून असते. अशी नोंद जेथे होती तेथे साथीचे निदान लवकर झाले; जेथे नव्हती तेथे वाद वर्षानुवर्षे चालला व त्याची किंमत मासे धरणाऱ्यांनी मोजली.

१. नावांची नोंद

इंद्रायणी व तिच्या भगिनी नद्यांतील माशांची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाली. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर असलेले विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या दौऱ्यांत मासेही जमविले. त्यांचे वर्णन लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या प्रकाशनांतून १८३९ व १८४१ साली प्रसिद्ध झाले. साइक्स यांच्या कामाचा एक विशेष मराठी वाचकाने अवश्य लक्षात घ्यावा. त्यांनी अनेक जातींना नाव देताना ग्रीक-लॅटिन शब्द न शोधता येथील लोकांच्या तोंडचीच नावे उचलली. खुद्री, कोळस, मल्या, शिंगटी ही जातिनामे व रोहटी हे प्रजातिनाम आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात रूढ आहेत. इंग्रज अधिकाऱ्याच्या कानावर पडून त्यांचे रूप थोडे बदलले असले, तरी त्यामागचे मावळी उच्चार लपत नाहीत. दख्खनच्या महसीरास जगाने ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखावे, यात पुण्याच्या नद्यांवरील मच्छीमारांचा वाटा आहे.

साइक्स यांच्यानंतर फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थानातील माशांवरील बृहद्ग्रंथ १८७५ पासून प्रसिद्ध होऊ लागला. पुण्यापुरते पाहावयाचे तर फ्रेझर यांचे १९४२ चे व सटर यांचे १९४४ चे लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आले. पुणे विद्यापीठातील तोनापी व मुळहेरकर यांनी १९६३ साली पुण्याच्या गोड्या पाण्यातील माशांची टिपणे प्रसिद्ध केली. २००१ साली खरात, डहाणूकर व राऊत यांनी पुणे शहराच्या परिसरातील माशांच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले. २००३ साली वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेतील, आणि २०१२ साली डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द इंद्रायणीतील माशांची सूची दिली. एका जिल्ह्यातील नद्यांविषयी पावणेदोनशे वर्षांची अशी साखळी असणे ही सामान्य गोष्ट नव्हे. एखादी जात केव्हा होती व केव्हा दिसेनाशी झाली, किंवा बाहेरची जात केव्हा दिसू लागली, हे या साखळीमुळेच सांगता येते.

पण या सर्व सूचींचा उद्देश जातींची ओळख हा होता. मासा कोणता, हा त्यांचा प्रश्न. तो कोणत्या प्रकृतीचा, हा नव्हे. संग्रहासाठी मासा निवडताना अभ्यासक स्वाभाविकपणेच खवले व पर शाबूत असलेला नमुना निवडतो. व्रण पडलेला, पर झिजलेला मासा बाजूस टाकतो. शिवाय नमुना फॉर्मॅलिनमध्ये गेला की त्यातील जीवाणू मरतात व संवर्धनास काही उरत नाही. म्हणजे जी पद्धती नावांच्या नोंदीस उपकारक, तीच रोगांच्या नोंदीस मारक. हा दोष त्या अभ्यासकांचा नाही. एका कामाची नोंद दुसऱ्या कामास पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही दुसरी नोंद अन्यत्र कशी सुरू झाली हे आता पाहू.

२. ‘परका’ या शब्दाचा इतिहास

माशांच्या जीवाणुरोगांत सर्वांत आधी व सर्वांत सविस्तर अभ्यासला गेलेला रोग म्हणजे ट्राउट व सामन या माशांवरील गळूरोग. १८९४ साली एमेरिश व वायबेल या जर्मन संशोधकांनी मत्स्यसंवर्धन केंद्रातील आजारी ट्राउटमधून त्याचा जीवाणू वेगळा काढला. आज तो एरोमोनस सामोनिसिडा या नावाने ओळखला जातो. अमेरिकेत मार्श यांनी १९०२ साली तशाच रोगाचे वर्णन केले, आणि १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या नद्यांतील सामन व ट्राउट यांच्यात साथ पसरली. तिचा अहवाल आर्कराइट यांनी पुढील वर्षी प्रसिद्ध केला. ही साथ मत्स्यपालकाच्या तळ्यातील नव्हती, वाहत्या नदीतील होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

हा रोग आला कोठून, याविषयी मोठा वाद झाला. पश्चिम अमेरिकेतून युरोपात आणलेला इंद्रधनुषी ट्राउट या रोगास पुष्कळसा दाद देत नाही, तर युरोपचा तपकिरी ट्राउट त्यास लवकर बळी पडतो. यावरून काहींनी असे अनुमान केले की, रोग पाहुण्या माशाबरोबर आला असावा. तर्क आकर्षक होता, परंतु तो पडताळावयाचा तर अमेरिकन मासा येण्यापूर्वी युरोपच्या नद्यांत हा जीवाणू नव्हता, हे दाखवावे लागते. आणि ते दाखविण्यास लागणारी नोंद नव्हती. ब्रिटनने या वादात न अडकता वेगळा मार्ग घेतला. १९२९ साली गळूरोगाच्या चौकशीसाठी समिती नेमण्यात आली व तिने १९३० ते १९३५ या काळात तीन अहवाल दिले. कोणत्या नद्यांत रोग आहे, वरकरणी निरोगी दिसणारे मासे तो कसा वाहून नेतात, आणि मृत माशांची नोंद कशी घ्यावी, हे त्या कामातून स्पष्ट झाले. त्याचे फलित म्हणजे १९३७ चा मत्स्यरोग कायदा. त्याने जिवंत सामन-वर्गीय माशांच्या आयातीस बंदी केली व रोगग्रस्त क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार दिला. आधी नोंद, मग कायदा, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्याकडील १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याचा रोख सुरुंगाने व विषाने मासे मारण्यावर होता. रोग हा त्याचा विषय नव्हता.

नोंद असण्याचा लाभ नॉर्वेत दिसून आला. तेथे गळूरोग १९६४ साली डेन्मार्कहून आणलेल्या इंद्रधनुषी ट्राउटबरोबर व १९८५ साली स्कॉटलंडहून आणलेल्या सामनच्या पिलांबरोबर शिरला. दुसऱ्या वेळी तो पालनकेंद्रांतून निसटलेल्या माशांबरोबर नद्यांत गेला, आणि १९९२ च्या अखेरीस सत्तरहून अधिक नद्यांत त्याची नोंद झाली. रोग थांबला नाही हे खरे. परंतु तो कोठून कोठे व कोणत्या वर्षी गेला याचा नकाशा काढता आला, आणि पुढील नियम त्या नकाशावर आधारता आले.

३. १९८८ ची साथ आणि तिचा धडा

युरोपातील ही उदाहरणे थंड पाण्याच्या माशांची. ती दख्खनच्या उष्ण पाण्यास जशीच्या तशी लागू करणे योग्य होणार नाही. पण आपल्या देशातही असा एक प्रसंग येऊन गेला आहे.

१९८८ साली बांगलादेशाच्या सीमेकडून आसाम, मेघालय व त्रिपुरा या राज्यांतील पाणवठ्यांत माशांच्या अंगावर खोल, लाल व्रण पडण्याची साथ शिरली. पुढील काही वर्षांत ती देशाच्या मोठ्या भागात पसरली. मरळ, मागूर, वाम व पुंटियस प्रजातीतील लहान मासे यांना तिचा विशेष उपद्रव झाला. हे मासे कोणा मालकाच्या तळ्यातले नसून नाले, बिले, भातखाचरे व नद्या यांतील होते. ज्याला तळे नाही अशा गरिबाचे ते अन्न व उत्पन्न होते. व्रण पाहून लोकांनी मासे खाणे सोडले, भाव कोसळले, व ज्यांच्या माशांना रोग नव्हता त्यांचेही जिणे अवघड झाले. या रोगास ‘साथीचा व्रणरोग’ असे नाव पडले.

व्रणांतून संवर्धन करताच प्रयोगशाळांना जीवाणू सापडले, विशेषतः एरोमोनस हायड्रोफिला. काही देशांतील संशोधकांना विषाणूही मिळाले. साहजिकच रोग जीवाणूचा की विषाणूचा, असा वाद सुरू झाला. परंतु एरोमोनस हायड्रोफिला हा जगातील जवळजवळ प्रत्येक गोड्या पाण्याचा रहिवासी आहे. निरोगी माशाच्या कातडीवर व आतड्यात तो असतोच. कातडी फाटली की तो आत शिरतो. चोरी झालेल्या घरात घरचा माणूस सापडावा व त्यालाच चोर ठरवावे, तसा हा प्रकार होण्याची भीती होती. निरोगी मरळीच्या अंगावर एरोमोनस किती प्रमाणात असतात, हे साथीपूर्वी विस्ताराने मोजलेले असते, तर व्रणात ते सापडण्याला किती अर्थ द्यावयाचा हे लवकर ठरले असते.

खरा कारणीभूत जीव हळूहळू उघडकीस आला. जपानात १९७१ साली आयू माशांवर आढळलेला बुरशीजन्य रोग, ऑस्ट्रेलियात १९७२ पासून बोई माशांवर आढळणारा ‘लाल ठिपक्यांचा रोग’ आणि आग्नेय आशियातील व्रणरोग यांतील साम्य संशोधकांच्या ध्यानी आले. १९९४ साली बँकॉक येथे भरलेल्या परिसंवादापर्यंत विचाराचा कल बुरशीसदृश जीवाकडे झुकला होता; पुढे ॲफॅनोमायसिस इन्व्हेडन्स हा तो जीव असल्याचे मान्य झाले. निरनिराळ्या देशांतून मिळालेल्या वाणांची आनुवंशिक तुलना केली असता ते परस्परांशी कमालीचे सारखे निघाले. एखादा जीव एखाद्या प्रदेशात फार काळ राहिला असता, तर त्याच्यात भेद उत्पन्न झाले असते. सर्वत्र सारखेपणा आहे, त्याअर्थी तो अलीकडे व एकाच मुळापासून पसरला. अशा रीतीने रोगाचे परकेपण शेवटी सिद्ध झाले. पण ते साथ येऊन गेल्यावर.

हा रोग अखेर जीवाणूचा ठरला नाही, म्हणून तो प्रस्तुत विषयाबाहेरचा आहे असे कोणी म्हणेल. वस्तुतः तो विषयाच्या केंद्रस्थानी आहे. घरचे जीवाणू माहीत नसले म्हणजे परक्या बुरशीचा आळ त्यांच्यावर येतो. आणि उद्या खरोखर परका जीवाणू आला, तर ‘हे नेहमीचेच एरोमोनस’ म्हणून त्याच्याकडे दुर्लक्षही होईल. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून उद्भवतात.

४. परक्याच्या येण्याच्या वाटा

रोगजंतू सहसा एकटा प्रवास करीत नाही. तो माशाबरोबर येतो. म्हणून इंद्रायणी-पवनेच्या खोऱ्यात व एकूण भीमेच्या खोऱ्यात कोणते मासे बाहेरून आले, याचा इतिहास हाच परक्या जीवाणूंच्या संभाव्य वाटांचा इतिहास होय.

डास-अळ्यांच्या निर्मूलनासाठी गॅम्बुझिया मासा १९२८ साली भारतात आला. १९३९ साली सामान्य कार्प श्रीलंकेहून निलगिरीत आणला गेला. त्याचा बँकॉक वाण १९५७ साली कटकला पोहोचला. १९५२ साली मोझांबिक तिलापिया आला, व १९५९ साली रुपेरी कार्प व गवत्या कार्प आले. गंगेच्या खोऱ्यातील रोहू, कटला व मृगळ हे देशीच असले, तरी दख्खनच्या नद्यांना तेही पाहुणेच. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. तेथे तिलापियाने असे बस्तान बसविले की ‘चिलापी’ या नावाने तो आज मराठी बाजारात घरचा झाला आहे. पंगासियस १९९० च्या दशकात पूर्व भारतात आला व तेथून मत्स्यपालनात सर्वत्र पसरला. आफ्रिकी मागुराच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी त्याचे पालन पूर्ण थांबले नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१९ साली त्याविषयी आदेश द्यावे लागले. शोभेच्या पेट्यांतून सोडून दिलेला ‘सकर’ मासाही उजनीत जाळ्यांत सापडतो.

यांतील प्रत्येक माशाच्या मागे काही विशिष्ट जीवाणूंची यादी आहे. पंगासियसला व्हिएतनाममध्ये ग्रासणारा रोग १९९८ मध्ये प्रथम दिसला व पुढे तो एडवर्डसिएला इक्टालुरी या जीवाणूचा असल्याचे ठरले. हाच जीवाणू १९७० च्या दशकात अमेरिकेत, तेथे पाळल्या जाणाऱ्या शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांत प्रथम आढळला होता. तिलापियाबरोबर फ्रान्सिसेला व स्ट्रेप्टोकॉकस यांच्या काही जातींचा संबंध येतो. त्यांपैकी स्ट्रेप्टोकॉकस इनिये याचे पहिले वर्णन १९७६ साली झाले ते माशातून नव्हे, ॲमेझॉनच्या नदी-डॉल्फिनमधून, आणि त्या डॉल्फिनच्या ‘इनिया’ या नावावरूनच त्यास नाव मिळाले. सोनमाशांबरोबर गळूरोगाच्या जीवाणूचा एक वेगळा प्रकार हिंडतो; १९७४ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात व्रणरोग दिसला तो जपानहून आयात केलेल्या सोनमाशांमुळे, असे मानले जाते.

आपण केवळ घेणारेच आहोत असेही नाही. लोणावळ्यास वळवण येथे टाटा विद्युत कंपन्यांच्या केंद्रात १९७० पासून खुद्री महसीराचे कृत्रिम प्रजनन करण्यात आले. डॉ. चं. वि. कुलकर्णी व त्यांचे सहकारी ओगले यांचे हे कार्य भारतीय मत्स्यसंवर्धनात मोलाचे मानले जाते. तेथील बोटुकली अनेक राज्यांस पुरविण्यात आली. त्यांतील काही कावेरीत सोडली गेली; तेथे हा मासा बळावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडी महसीर, २०१८ साली ज्याचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असे निश्चित झाले, तो अस्तंगत होण्याच्या वाटेवर आला. सह्याद्रीच्या कुशीतला मासा सह्याद्रीच्याच दुसऱ्या नदीत परका ठरतो. राज्याच्या वा देशाच्या सीमा माशाला व जीवाणूला ठाऊक नसतात. त्यांची सीमा म्हणजे खोऱ्याचा पाणलोट. ‘परकीय’ हा शब्द म्हणूनच जकातनाक्यावरून नव्हे, पाणलोटावरून ठरविला पाहिजे.

५. निरीक्षणाची रीत व तिच्या मर्यादा

वन्य माशांचे रोगनिरीक्षण कागदावर सोपे दिसते : मासे धरावेत, त्यांच्या मूत्रपिंडातून व प्लीहेतून नमुना घेऊन तो पोषकद्रव्यावर पसरावा, उगवलेल्या जीवाणूंची ओळख पटवावी. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर अडचण आहे.

पहिली अडचण संख्येची. मोठ्या समूहात दहा टक्के मासे बाधित असतील, तर त्यांतील निदान एक तरी हाती लागेल अशी ९५ टक्के खात्री होण्यास सुमारे ३० मासे तपासावे लागतात. प्रमाण पाच टक्के असेल तर ६०, दोन टक्के असेल तर १५०. हा हिशेब तपासणी अचूक आहे असे धरून केलेला आहे. तपासणी निम्मेच बाधित मासे ओळखू शकत असेल, तर पाच टक्क्यांसाठी लागणारी संख्या ६० वरून सुमारे १२० वर जाते. ‘दहा मासे पाहिले, रोग आढळला नाही’ या वाक्याला म्हणून फारसा अर्थ नसतो.

दुसरी अडचण वाहकाची. गळूरोगाचा जीवाणू बाळगणारा मासा कित्येक महिने निरोगी दिसू शकतो. अशा माशास उष्णता व संप्रेरके यांचा ताण देऊन रोग प्रकट करण्याची रीत १९७५ साली पुढे आली. आता जीवाणूचे आनुवंशिक द्रव्य थेट शोधता येते. परंतु त्यातही सावधगिरी हवी. एरोमोनस सामोनिसिडा हे नाव थंड पाण्याशी जोडले गेले आहे; तरी भारतात खाद्यपदार्थांतून मिळालेले, उष्ण तापमानातही वाढणारे त्याच जातीचे वाण २०१६ साली सविस्तर वर्णिले गेले. तेव्हा जातीचे नाव जुळले म्हणजे परकेपण सिद्ध झाले असे नाही. वाण कोणता, हे पाहिले पाहिजे, व त्यासाठी तुलनेस घरचे वाण जपून ठेवलेले असले पाहिजेत.

तिसरी अडचण या उद्योगपट्ट्याची स्वतःची आहे. इंद्रायणीत व पवनेत मासे मरून तरंगले की कारण सांडपाणी असते, असे गृहीत धरले जाते, आणि बहुधा ते खरेही असते. प्राणवायूच्या अभावाने होणारे मरण बहुधा पहाटे येते, एकाच वेळी अनेक जातींवर येते, मोठ्या माशांना आधी गाठते आणि एक-दोन दिवसांत संपते. जीवाणुरोगाचे मरण एखाद-दोन जातींपासून सुरू होते, दिवसेंदिवस वाढते व अंगावर खुणा ठेवते. पण दोहोंचा संगम झाला म्हणजे निदान कठीण होते. मैलापाण्याने दुबळ्या झालेल्या माशाला घरचा जीवाणूही मारू शकतो. आणि सर्वांचे लक्ष सांडपाण्याकडे असताना परका जीवाणू आडोशाने शिरू शकतो.

चौथी अडचण औषधांची. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले; प्रतिजैविकांचे युग या परिसराला अगदी जवळून माहीत आहे. माशांच्या जीवाणूंत औषधांना दाद न देण्याचा गुण किती लवकर पसरतो, हे १९५० च्या दशकापासून ज्ञात आहे, व १९७१ साली जपानी संशोधकांनी गळूरोगाच्या जीवाणूत हा गुण एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो हे दाखविले. तथापि एरोमोनस प्रजातीतील बहुतेक जीवाणू अँपिसिलिनला निसर्गतःच दाद देत नाहीत. इतके की ते वेगळे काढण्याच्या पोषकद्रव्यात अँपिसिलिन मुद्दाम घालतात. म्हणून नदीतील एरोमोनस अँपिसिलिनने मरत नाहीत, एवढ्यावरून प्रदूषणाचा निष्कर्ष काढणे चूक होईल. येथेही प्रश्न तोच : पूर्वी काय होते?

६. व्यवस्था आणि देहूचा डोह

भारतात जलचर प्राण्यांच्या रोगांचा राष्ट्रीय निरीक्षण कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्था त्याचे सूत्रचालन करते, आणि महाराष्ट्रात मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचा त्यात सहभाग आहे. या कार्यक्रमाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु कोणत्याही देशात अशा कार्यक्रमाचे पहिले लक्ष पाळलेल्या माशांकडे असते, कारण तेथे मालक असतो, नुकसान मोजता येते व खबर देणारा भेटतो. नदीतील माशाला मालक नाही. शिवाय जागतिक प्राणिआरोग्य संघटनेच्या अधिसूचित रोगांच्या यादीत माशांच्या विभागात आज मुख्यतः विषाणू आहेत, जोडीस वर सांगितलेला व्रणरोग व एक परजीवी आहे. जीवाणुरोग एकही नाही. तेव्हा आंतरराष्ट्रीय बंधन म्हणून कोणी हे काम आपल्याकडून करवून घेणार नाही. ते प्रादेशिक गरज ओळखूनच करावे लागेल.

असे काम होऊ शकते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. एडवर्डसिएला इक्टालुरी बंदिस्त माशांत आढळल्यावर तेथील संशोधकांनी उत्तरेकडील नद्यांतील वन्य माशांचे हेतुपूर्वक नमुने घेतले, आणि क्वीन्सलंडमधील टली नदीच्या मूळच्या मिशाळ माशांत तो जीवाणू असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध केले. मासे मरून तरंगले म्हणून नव्हे, शोध घेतला म्हणून तो सापडला. निरीक्षण आणि पंचनामा यांत हाच फरक आहे.

आता देहूकडे वळू. देहू व आळंदी येथील डोहांतील माशांना क्षेत्राच्या श्रद्धेमुळे पूर्वापार अभय मिळाले आहे. प्रदूषणाने तेथील महसीर मोठ्या संख्येने मेल्याचे उल्लेखही अभ्यासकांच्या लिखाणात आहेत. रोगनिरीक्षणाच्या दृष्टीने अशा डोहास दुहेरी महत्त्व आहे. मासेमारी नसल्याने तेथे वृद्ध मासे टिकतात, व दीर्घायुषी मासा हा नदीत काय येऊन गेले याचा साक्षीदार असतो. आणि घाटावर नित्य माणसांची ये-जा असल्याने मेलेला वा व्रण पडलेला मासा कोणाच्या तरी दृष्टीस पडतोच. उणीव असते ती पाहिलेले लिहून ठेवण्याची.

ज्या डोहात मासा मारणे पाप समजले जाते, तेथे ६० मासे मारून तपासण्याची योजना शास्त्रदृष्ट्या बिनचूक असली तरी ती करू नये. श्रद्धेला अडथळा मानण्याचेही कारण नाही. कल्ल्यांवरील व कातडीवरील श्लेष्म्याचा नमुना, थोडेसे रक्त, आणि नैसर्गिकरीत्या मेलेल्या ताज्या माशाचे मूत्रपिंड एवढे घेऊनही पुष्कळ कळते. मारून तपासावयाचे मासे डोहाच्या वरच्या व खालच्या अंगास भोई मच्छीमारांच्या नित्याच्या पकडीतून घेता येतील. साइक्स यांना माशांची नावे ज्यांनी सांगितली, त्यांच्याच व्यवसायबंधूंना आता माशांची लक्षणे विचारावयाची आहेत. कोणत्या महिन्यात कोणत्या माशाला ‘फोड’ येतात, हे जाळे टाकणाऱ्याला प्रयोगशाळेच्या आधी कळते.

या कामासाठी प्रचंड खर्चाची आवश्यकता नाही. वर्षातून तीनदा, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात, त्याच ठिकाणी, त्याच जातींचे, त्याच रीतीने नमुने घेणे. वेगळे काढलेले जीवाणू नावनिशीवार गोठवून जपणे. आणि ‘काही आढळले नाही’ हा निष्कर्षही आढळल्याइतक्याच काळजीने प्रसिद्ध करणे, एवढे पुरे आहे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण नकारात्मक निष्कर्षाला मान मिळत नाही. परंतु वर मांडलेल्या इतिहासाचा इत्यर्थ हाच की, आजचा नकार हा उद्याच्या होकाराचा एकमेव पुरावा असतो. युरोपातील वाद मिटला नाही तो या नकाराच्या अभावी. १९८८ साली एरोमोनसवर आळ आला तोही त्याच्याच अभावी. साइक्स यांनी ज्या माशांची नावे लिहून ठेवली, त्या माशांच्या निरोगीपणाची नोंद करण्यास एवढ्या वर्षांनीही विलंब झालेला नाही. मात्र ती साथ येण्यापूर्वी झाली पाहिजे.